निळ्या कव्हरातले तांदूळ

१

पासपोर्टच्या जागी तांदूळ निघाले.

शिवलीला कोरेने कव्हर उलटं करून टेबलावर झटकलं. पाच-सहा दाणे टपटप पडले. बाकी काही नाही. निळ्या जाड रेक्झिनच्या त्या कव्हरावर शाळेचं बोधचिन्ह होतं. त्याखाली सुबक अक्षरातलं नाव चिकटवलेलं होतं, अपेक्षा रामहरी गव्हाणे. अपेक्षाला जपानला नेणारी वस्तू मात्र आत नव्हती.

कुंभारीच्या अलीकडे, अक्कलकोट रस्त्याला लागून ही आंतरराष्ट्रीय शाळा होती. शिवलीला तिथे रसायनशास्त्र शिकवायची. नववीची सोळा मुलं दहा दिवसांसाठी जपानमधल्या एका शाळेत पाहुणी म्हणून निघाली होती. त्यांच्यासोबत खेळाचे आदिनाथ सर आणि ती. बस चार वाजता मुंबईला निघायची होती आणि विमान पहाटेचं होतं. पासपोर्टची तपासणी विमानतळावरच करायची असं ठरलं होतं. पण गॅस बंद केल्यावरही पुन्हा एकदा बटण फिरवून बघणारी बाई ती. जेवणाच्या सुट्टीत तिने ऑफिसमधलं स्टीलचं कपाट उघडलं आणि कव्हरं एकेक करून आतून बघितली. तिसऱ्याच कव्हरात हे.

मुख्याध्यापक अनिलकुमार सर दाण्यांकडे बघत उभे राहिले.

"पोलिसांना कळवू या, मॅडम."

"सर, पोलीस आले की बस जागची हलणार नाही. मला चारपर्यंत वेळ द्या."

"दिला. पण चारला बस निघणार. पासपोर्ट मिळाला तर अपेक्षा बसमध्ये, नाहीतर जेऊरला घरी. एकीसाठी पंधरा जणांचं विमान मी चुकवणार नाही."

त्यांचं चूक नव्हतं. अपेक्षा शिष्यवृत्तीवर शिकणारी, जेऊरच्या शेतकऱ्याची मुलगी. वर्षभर ती होस्टेलच्या गच्चीवर बसून जपानी वाक्यं घोकत होती. तिकडच्या शाळेत स्वागताला उत्तर द्यायचा मान तिचा होता. घरात शब्द चालायचा तो तिच्या आजीचा, बजाबाईंचा, आणि आजीला हा प्रवास मुळातच नको होता. आज ही पोरगी बसमध्ये न बसता घरी गेली, तर तिला उंबऱ्याबाहेर काढायला पुन्हा कोणी धजणार नव्हतं.

शिवलीलाने दाणे कागदावर गोळा केले. कच्चे होते. लांब, बारीक, टोकदार. एका दाण्याला कुंकवाचा ठिपका लागलेला.

चोर घेऊन जातो, ती मनात म्हणाली. मागे काही ठेवून जाणारा चोर तिने पाहिला नव्हता.

२

कव्हरं भरली गेली होती परवा दुपारी. त्या वेळी ऑफिसात तिघं होते. पासपोर्ट मोजून देणारी शिवलीला, ते कव्हरात सरकवणारे आदिनाथ सर, आणि नावाच्या पट्ट्या चिकटवणारी ऋतुजा. ऋतुजा अपेक्षाच्याच वर्गातली, अक्षर मोत्यासारखं म्हणून शिवलीलानेच तिला बोलावून घेतलं होतं. काम झाल्यावर शिवलीलाने अठरा कव्हरं मोजली होती, पण न उघडता. कपाटाला कुलूप लावलं. त्याच्या किल्ल्या दोन. एक तिच्या पर्समध्ये, दुसरी होस्टेल सांभाळणाऱ्या सिद्धम्माच्या कमरेला.

सिद्धम्माने कागदावरचे तांदूळ बघितले आणि दोन्ही हात कानांना लावले.

"अय्यो शिवा! तांदूळ दिसलं की सगळ्यांना सिद्धम्माच दिसतीय व्हय? मेसचं जेवण माझ्या हाताखाली, म्हणून?"

"मी तुमचं नाव घेतलं का, अव्वा?"

"घेतलं न्हाय, पण बघताय तसं! काल पोरींनी पण तेच केलं. दोरीवरचा अपेक्षाचा हिरवा स्कार्फ गेला, तर म्हणतात, अव्वाने पुसायला घेतला. मी काय स्कार्फाने फरशी पुसते काय हो?"

शिवलीलाने वही-पेन काढलं नाही, पण स्कार्फ डोक्यात नोंदला.

"किल्ली कोणाला दिली होती का?"

सिद्धम्मा घुटमळली. "सकाळी. सरांना. आदिनाथ सरांना. म्हणाले, दोन मिनिटांत आणून देतो."

शिवलीला जागची उठली. कारण अर्ध्या तासापूर्वीच आदिनाथ सर तिला शपथेवर म्हणाले होते, की परवानंतर त्यांनी त्या कपाटाकडे ढुंकूनही बघितलेलं नाही.

३

आदिनाथ सर बसच्या डिकीत बॅगा रचत होते. उंच, दणकट गडी, पण शिवलीला समोर येताच शाळकरी पोरासारखे खांदे पाडून उभे राहिले.

"सर, सकाळी कपाट कशाला उघडलंत?"

"मॅडम, हळू बोला ना."

"कशाला उघडलंत?"

त्यांनी इकडे-तिकडे बघून मोबाईल पुढे केला. पडद्यावर ते स्वतः होते, हातात उघडा पासपोर्ट, त्यावर जपानचा व्हिसा आणि चेहऱ्यावर नवरदेवाचं हसू. "स्टेटसला टाकायचा होता. आमच्या घराण्यातला पहिला पासपोर्ट आहे हा. मुख्याध्यापकांना कळलं असतं तर म्हणाले असते, सर, तुम्ही मुलांना नेताय की मुलं तुम्हाला नेतायत?"

शिवलीलाने हसू दाबलं. "फक्त तुमचंच कव्हर उघडलं?"

"आईशप्पथ. आणि खरं सांगू का? माझ्यामागे लागण्यापेक्षा ऋतुजाला विचारा. एका मार्काने तिची निवड हुकली आणि अपेक्षाची झाली. परवा पट्ट्या लावायला तीच होती."

"पण अपेक्षा राहिली म्हणून ऋतुजा जाणार आहे का, सर? तिकीट अपेक्षाच्या नावाचं, व्हिसा अपेक्षाच्या नावाचा."

"जळायला तिकीट लागत नाही, मॅडम."

हे काही अगदीच खोटं नव्हतं. "तुम्ही आज कुठे जेवलात?" तिने सहज विचारलं.

"मेसमध्ये, रोजच्यासारखा. एकटा जीव. माझ्या खोलीत चहाच्या भांड्याशिवाय भांडं नाही."

मेसच्या दारात ताटं अजून पडलेली होती. शिवलीला थांबली आणि एका ताटात उरलेल्या भाताकडे बघत राहिली. आखूड, गोल, चिकट शितं. शाळेत बारा महिने हाच तांदूळ शिजायचा.

ऋतुजा गेटजवळच्या कडुनिंबाखाली अपेक्षाचा हात धरून बसलेली होती. ती बाळे गावची. शाळा शहराच्या एका टोकाला, बाळे दुसऱ्या टोकाला, पुणे रस्त्यावर. रोज स्कूलबसने जा-ये करायची. आज मैत्रिणीला निरोप द्यायला म्हणून थांबली होती. रडत होती ती ऋतुजाच. अपेक्षाचे डोळे कोरडे होते.

"मॅडम, मी बॅग खाली काढून ठेवू का?" अपेक्षाने विचारलं. "म्हणजे सरांना सांगायची वेळ येणार नाही."

"बॅग राहू दे जिथे आहे तिथे. ऋतुजा, तू ये जरा."

दोघी झाडापासून दूर गेल्या.

"परवा पट्टी लावताना अपेक्षाच्या कव्हरात पासपोर्ट होता?"

"होता, मॅडम."

"मग?"

ऋतुजाने झाडाकडे नजर टाकली. मग एकदम हात जोडले. "मॅडम, तुम्ही गाडी निघू द्या. तिला बसवा फक्त. बाळ्याला थांबणार आहात ना? आईने सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवलीय. तिथपर्यंत चला. मग मला काय मारायचं ते मारा."

"पासपोर्टशिवाय सर तिला बसू देणार नाहीत. तुला माहितेय कुठे आहे तो?"

"मी शब्द दिलाय, मॅडम."

"कोणाला?"

ऋतुजा मागे वळली आणि झाडाखाली जाऊन पुन्हा अपेक्षाचा हात धरून बसली.

४

घरी कळवणं भाग होतं. शिवलीलाने जेऊरचा नंबर लावला. फोन अपेक्षाच्या वडिलांचा, पण उचलला बजाबाईंनी.

मागच्या आठवड्यातली पालकसभा शिवलीला विसरली नव्हती. प्रवासाचा दिवस अमावस्येचा आहे हे कळल्यावर म्हातारी भर सभेत उभी राहिली होती. "अवसेच्या दिशी लेकरू भायेर काढत्यात व्हय? शिकल्याली मानसं न्हवं तुमी?" शिवलीलाने तेव्हा समजावलं होतं, की आमच्याकडे तर वेळ अमावस्येला सगळं घर शेतात जेवायला जातं, अमावस्या काही वाईट नसते. म्हातारी ठणकावून म्हणाली होती, "शेतात जेवाय जायचं आन् समिंदर वलांडायचा, येकच व्हय ओ?"

तेव्हा आता काय काय ऐकावं लागणार, या तयारीने शिवलीलाने बोलायला सुरुवात केली.

"आजी, अपेक्षाच्या मॅडम बोलतेय. आज निघायचं आहे. तुमच्या मनात अजून काही..."

"मॅडम व्हय? बोला की. जेवला का?"

"जेवले. आजी, तुम्हाला अमावस्येची काळजी होती ना?"

"व्हती. लई व्हती. रामहरीला म्हनलं, जा, पोरगी घिऊन ये माघारी. पर आता न्हाय. आता बिनघोर हाय मी."

"असं काय झालं?"

"पोरगी परवाच निगाली की."

शिवलीलाला वाटलं, म्हातारीचा काहीतरी घोटाळा झालाय. "आजी, ती इथेच आहे. माझ्यासमोर बसलीय. बस चारला निघणार."

बजाबाई हसल्या. "बसली आसंल तितं. पर निगाली ती परवाच. चांगल्या दिशी, चांगल्या येळंला. तुमी न्या तिला. येक मातर करा मॅडम, तिला माघारी वळू देऊ नगा. येकदा भायेर पडल्यालं माघारी आनायचं न्हाय. काय?"

फोन बंद झाला. शिवलीला हातातल्या मोबाईलकडे बघत उभी राहिली. कुंकू लागलेले तांदूळ. दोरीवरचा हिरवा स्कार्फ. माघारी आणायचं नाही.

तिला मंद्रूपच्या आजोळचे मल्लप्पामामा आठवले. श्रीशैलला निघायच्या आधी शेजारच्या गोजाबाईंच्या ओसरीवर धोतराची घडी ठेवून येणारे.

ती जवळजवळ धावतच ऑफिसकडे गेली. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन होत आले होते.

५

अनिलकुमार सर टेबलामागे, आदिनाथ सर खिडकीशी, सिद्धम्मा दारात, आणि मध्ये खाली मान घालून ऋतुजा आणि अपेक्षा. शिवलीलाने कागदावरचे तांदूळ टेबलावर ठेवले.

"सर, हा तांदूळ बघा. लांब दाणा, बासमती. आपल्या मेसमध्ये आखूड तांदूळ शिजतो. म्हणजे हे दाणे शाळेतले नाहीत, कोणाच्या तरी घरून आलेत. सिद्धम्मा होस्टेलवर राहतात, मेसमध्येच जेवतात. आदिनाथ सरांच्या खोलीत चहाच्या भांड्याशिवाय भांडं नाही."

"हे सगळ्यांसमोर सांगायची गरज होती का?" आदिनाथ सर पुटपुटले.

"पासपोर्टजवळ आलेल्यांपैकी रोज घरी जाणाऱ्या दोघीच. मी आणि ऋतुजा. मी नाही. पण मग प्रश्न असा, की मत्सराने पासपोर्ट पळवणारी मुलगी त्या जागी कुंकू लावलेले तांदूळ का ठेवेल? आणि मैत्रिणीचा जुना स्कार्फ कशाला नेईल?"

अपेक्षाने झटकन ऋतुजाकडे बघितलं. "माझा स्कार्फ तू..."

"सर, आमच्या मामांकडे एक रीत होती. प्रवासाचा दिवस चांगला नसला, की त्याआधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू, बहुतेक अंगावरचं कापड आणि मूठभर तांदूळ, वाटेवरच्या दुसऱ्या कोणाच्या घरी नेऊन ठेवायची. त्याला प्रस्थान म्हणतात. वस्तू घराबाहेर पडली म्हणजे माणूस निघालं असं धरायचं. मग खरा प्रवास कुठल्याही दिवशी करा. जाता जाता ती वस्तू उचलायची आणि पुढे जायचं. मात्र निघाल्या ठिकाणी ती परत आणायची नाही. आणली तर प्रस्थान मोडलं." ती ऋतुजाकडे वळली. "अपेक्षा परवा निघाली, असं तिच्या आजी मला आत्ता फोनवर म्हणाल्या. कुठे निघाली? पुण्याच्या वाटेवर, बाळ्याला. तुझ्या घरी. बरोबर?"

ऋतुजाने मान हलवली आणि मग तिचा बांध फुटला.

"आजी रामहरीकाकांना पाठवणार होत्या मॅडम, हिला परत न्यायला. मीच बोलले फोनवर. त्या म्हणाल्या, परस्थान ठिवलं आसतं तर चाललं आसतं, पर ठिवनार कोन? मी म्हटलं, मी ठेवते. त्यांनी फक्त कापड आणि तांदूळ सांगितले होते. पासपोर्ट मी मनाने ठेवला. परदेशात स्कार्फ काय करणार, निघायला तर पासपोर्टच पाहिजे, असं वाटलं मला."

"आणि कव्हरात दाणे?"

"आई म्हणते, घेतल्या जागी रिकामं ठेवू नये. तिने स्कार्फात बांधायला मूठभर तांदूळ कुंकू लावून पुडीत दिले होते, त्यातलेच चार टाकले. तपासणी विमानतळावर होती ना? बाळ्यालाच हातात देणार होते मी."

"मला का नाही सांगितलंस?" अपेक्षा म्हणाली.

"तुला? तू तडक मॅडमकडे गेली असतीस. तू पेन्सिल सापडली तरी ऑफिसात जमा करतेस!"

अनिलकुमार सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ही अंधश्रद्धा आहे."

"असेल, सर. त्यावर आपण परत आल्यावर वर्ग घेऊ."

"ठीक. आदिनाथ सर, मोटरसायकल काढा आणि बाळ्याहून पासपोर्ट घेऊन या. बस थोडी थांबेल."

"नाही!" ऋतुजा ओरडलीच. "सर, तो इथे परत आला तर मोडलं सगळं. आजी संध्याकाळी विचारणार. मी खोटं नाही बोलणार त्यांच्याशी. मग त्या हिला वाटेतून उतरवायला लावतील."

"आणि मी डोळ्यांनी पासपोर्ट बघितल्याशिवाय कोणाला बसवायचं? उद्या काही झालं तर उत्तर मी द्यायचं."

दोघंही आपापल्या जागी पक्के. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला.

शिवलीलाने मोबाईल उचलला. "डोळ्यांनीच बघायचाय ना, सर? मग तो इथे कशाला यायला हवा?"

तिने ऋतुजाच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पिठाचे हात पुसणारी एक बाई आली.

"आई, परवाची पुरचुंडी उघड. उचलू नकोस, जागेवरच उघड."

"परस्थान उघडून बघतात व्हय गं कोणी? ज्याचं त्याने सोडायचं असतं."

"वहिनी," शिवलीला म्हणाली, "जिचं आहे ती इथे बसलीय. तिला विचारून उघडा."

अपेक्षा मोबाईलच्या जवळ आली. "उघडा, काकू."

कोनाड्यातल्या हिरव्या स्कार्फची गाठ सुटली. तांदळात अर्धा बुडालेला पासपोर्ट दिसला आणि बाई किंचाळल्या, "अगं बया! ह्यात हे काय ठेवलंस कारटे?"

अनिलकुमार सरांनी फाइलमधून पासपोर्टची झेरॉक्स काढली, चष्मा चढवला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत ताडून पाहिला.

"कुठल्या कायद्यात बसतं हे मला ठाऊक नाही," ते शेवटी म्हणाले. "पण पासपोर्ट आहे, हे मी बघितलं. मॅडम, जबाबदारी तुमची. बाळ्याला तो हातात आल्याशिवाय बस पुढे जाणार नाही."

"माझी," शिवलीला म्हणाली. मग ऋतुजाला म्हणाली, "आणि तू. चोरी नाही केलीस, पण न विचारता घेतलंस. ही पोरगी दुपारभर बॅग उतरवायची वाट बघत बसली होती, ते तुझ्यामुळे."

"हो, मॅडम."

"परत आले की बोलू. सुटलीस असं समजू नकोस."

दारातून सिद्धम्मा म्हणाली, "आणि पोरींना सांगा आता, स्कार्फ कुणी नेला ते!"

६

बाळ्याला रस्त्याच्या कडेला ऋतुजाची आई उभी होती. पायाशी भाकऱ्यांचे खोके आणि दोन्ही हातांत, ताट धरावं तशी, हिरवी पुरचुंडी. बसमधल्या पोरांनी खिडक्यांतून माना काढल्या होत्या.

अपेक्षा खाली उतरली. काकूंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पुरचुंडी ओंजळीत दिली. तिने पासपोर्ट काढून शिवलीलाकडे दिला, स्कार्फ गळ्यात घातला आणि तांदूळ काकूंच्या पदरात रिकामे केले. तेवढ्यात शिवलीलाचा मोबाईल वाजला.

"मॅडम, उचललं का पोरीनं?"

"उचललं, आजी."

"माघारी न्हाय ना वळली?"

"नाही. आता थेट पुढे."

"मंग जावा. आन् लेकरांना येळंवर खायला घाला."

ऋतुजाही बसमधून उतरली होती. इथवरच तिचा प्रवास. हसत होती, पण हसताना बसच्या पाटीकडे बघत नव्हती.

"तुझी जागा गेली तरी माझ्यासाठी एवढं केलंस," अपेक्षा म्हणाली.

"एका मार्काने गेली. तो मार्क मी भूगोलात घालवला, तू नाही घेतलास." ऋतुजाने तिला ढकललं. "जा आता. रोज फोटो पाठव. आणि भाषणात अडकलीस तर सरळ मराठीत बोल, त्यांना काय कळतंय!"

अपेक्षा पायरीवर चढली आणि थबकली. मग वळली नाही, नुसताच हात मागे केला.

"तुझ्या वेणीचा तो लाल रबर दे."

"कशाला?"

"दे गं. मागे वळता येत नाही मला."

ऋतुजाने रबर काढून तिच्या तळहातावर ठेवला. अपेक्षाने मूठ मिटली.

"तिकडे मी ज्यांच्या घरी राहणार आहे ना, त्यांच्याकडे ठेवून येते. तू आज निघालीस. पुढच्या वर्षी येऊन उचल."

ऋतुजाने मान खाली घातली. मोकळे केस तोंडावर आले होते, तेवढाच आडोसा.

दार लागलं. बस हायवेला वळली. शिवलीलाने सगळी कव्हरं पुन्हा उघडून आतले पासपोर्ट बघितले आणि मांडीवरची पिशवी बंद केली. पुढच्या सीटवरून आदिनाथ सर उभे राहून डोकी मोजत होते.

"सोळा, मॅडम. बरोबर आहे ना?"

शिवलीलाने मागे बघितलं. खिडकीशी बसलेली अपेक्षा लाल रबर मनगटात घालत होती.

"सतरा धरा, सर," ती म्हणाली. "एक आत्ताच निघालीय."